उताराची गादी

१४ जून

दादा,

कापूस नव्हता.

हे आधी लिहितो, कारण पुढचं तू वाचशील की नाही याची खात्री नाही. तिला जे झालं होतं ते कापसाने झालं नव्हतं. तुझ्या दुकानाने नाही, तुझ्या पिंजायच्या मशीनने नाही. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या कुठल्याशा तापाने खराब झाली होती आणि हळूहळू अरुंद होत गेली. रक्त पुढे जाईना, मागे फुप्फुसांत तुंबायचं. त्याने धाप, त्यानेच खोकला. फुप्फुसं तिची चांगली होती.

हे मला मागच्या आठवड्यात कळलं. आईची छाती धडधडते म्हणून तिला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, जिथे शेवटच्या दिवशी आपण हिला नेलं तिथेच. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं, गोळ्या लिहिल्या, आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तुम्हाला मी पाहिलंय. मी हो म्हटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “तुमच्या पत्नीच्या झडपेचं त्याआधी तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं का?”

मी विचारलं, कसली झडप?

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. त्या दिवशी त्यांनी मला हे सगळं सांगितलं होतं म्हणे. मी मान डोलावत होतो. मला त्यातलं काही आठवत नाही. हिची एक चप्पल माझ्या हातात होती आणि ती कुठे ठेवायची ते सुचत नव्हतं, एवढंच आठवतं. वेळेवर कळलं असतं तर झडप रुंद करता येते, नाहीतर बदलता येते. अशी माणसं पुढे वर्षानुवर्षं जगतात. हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “हृदय माझं बघायला आलो आणि तोंड तुझं उतरलंय. मी मरणार आहे का?” मी नाही म्हटलं. “मग चहा पाज,” म्हणाली.

तुझा पत्ता खोळीच्या कापडवाल्याने दिला. पार्सलच्या गोदामात लागला आहेस असं म्हणाला. नंबरही दिला होता आणि मी फोन केलाही होता. तू “हॅलो, कोण” म्हणालास आणि मी ठेवून दिला. फोनवर आपण दोघं काय बोलणार? समोरासमोर तरी कधी बोललो?

छातीच्या डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं, कापसाने फुप्फुसं भरलीत, एक तर कापूस तरी नाहीतर ही तरी. तू तिला दुकानात यायचं बंद केलंस. नंतर आमच्याकडे यायचं झालं तर आधी अंघोळ करून, कपडे बदलून यायचास. तरी ती खालावत गेली, तेव्हा ते म्हणाले, आता उशीर झाला, जी धूळ जायची ती गेली आत. ती गेल्यावर तू मशीन विकलंस, दुकानाला कुलूप लावलंस आणि आईलाही न सांगता निघून गेलास. मी तुला अडवलं नाही. डॉक्टरांचं म्हणणं मीही तुझ्याइतकंच खरं धरलं होतं.

ते खरं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं.

धाकटा


२ जुलै

दादा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं.

मी एका वकीलबाईंना भेटलो. चष्म्याच्या दुकानावर त्यांची खोली आहे. दोन खुर्च्या, त्यातली एक कागदांनी भरलेली, त्यामुळे येणाऱ्याने एकट्यानेच यावं अशी सोय. त्या कमी बोलतात. मला बरं वाटलं.

असल्या बाबतीत काय काय करता येतं ते त्यांनी सांगितलं. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार करता येते. तिथे त्यांच्या परवान्याचा विचार होतो, पण निवाडा करणारे डॉक्टरच असतात आणि वेळ फार लागतो. पोलिसांकडे जाता येतं, पण नुसती चूक तिथे पुरत नाही, डोळ्यांवर कातडं ओढून केलेला हलगर्जीपणा दाखवावा लागतो. तिसरा रस्ता भरपाईच्या दाव्याचा. त्यातही, दुसऱ्या कुठल्याही बऱ्या डॉक्टरच्या हे लक्षात आलं असतं असं शाबीत करावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञाने तसं लिहून द्यायला हवं. मी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासणीत काय दिसलं ते लिहून देईन, म्हणाल्या. आधीच्या डॉक्टरांचं चुकलं असं लिहिणार का म्हटल्यावर त्या टेबलावरची पट्टी सरळ करत बसल्या. शेवटी दुसऱ्या शहरातले एक निवृत्त डॉक्टर तयार झाले आहेत. दावा दाखल करायलाही मुदत असते आणि आपली या वर्षाबरोबर संपते.

मला नक्की काय हवं आहे, असं वकीलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, छातीच्या डॉक्टरांच्या कागदावर ‘कापसाच्या धुळीमुळे’ असं लिहिलंय, ते मला खोडायचं आहे.

त्या म्हणाल्या, खोडण्याचा असा वेगळा दावा नसतो. पण हा जिंकलात तर ते खोटं ठरेल.

आता तुझं काम. मी दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशांत मान घालून असायचो, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे तिला दर वेळी तूच न्यायचास. खोलीत तिच्याबरोबर तू असायचास. त्यांनी काय विचारलं, तिने काय सांगितलं, त्यांनी छातीला नळी कुठे कुठे लावली, हे जिवंत माणसांत दोघांनाच माहीत आहे. त्यातले एक ते डॉक्टर. वकीलबाई म्हणतात, तुम्ही नवरा असलात तरी तुम्ही तिथे नव्हतात, तुमच्या बोलण्याला किंमत नाही. भावाला आणा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं तू म्हणशील. मी शहाणा नाही हे तूच मला लहानपणी रोज सांगायचास.

आईला मी सांगितलं, दादाला लिहिलंय. तिने विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, “दोन दगड जन्माला घातले मी. एक बोलत नाही, दुसरा उत्तर देत नाही.”

दोन ओळी लिही. ये किंवा लिही.

धाकटा


२० जुलै

दादा,

तुझं काहीच नाही. मीच लिहितो.

वकीलबाईंनी छातीच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलला नोटीस पाठवली होती. त्यावर त्यांचा व्यवस्थापक घरी आला. सोबत फळांची करंडी. आईने ती करंडी दारातच ठेवायला लावली आणि त्याला म्हणाली, “आजारी कुणी नाही आता.” तरी तो बसला. चांगला बोलतो. आम्हालाही वाईट वाटतं, असं त्याने बऱ्याच वेळा सांगितलं. मग कागद काढला.

भरपाई द्यायला ते तयार आहेत. कोर्टात न जाता, लगेच. मी फक्त सही करायची. परिषदेकडे जाणार नाही, पोलिसांकडे जाणार नाही, कुठे बोलणार नाही, लिहिणार नाही. आणि वर एक परिच्छेद, की उपचार योग्य होते आणि आजार ‘व्यवसायातील कापसाच्या धुळीमुळे उद्भवलेला’ होता हे मला मान्य आहे.

वकीलबाईंनी मला घाबरवलं नाही आणि भरीलाही घातलं नाही. बरेच लोक सही करतात, म्हणाल्या, आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. दावे वर्षानुवर्षं चालतात. हरलात तर काहीच हाती नाही. माणूस गेलेला असतो, उरलेल्यांना जगायचं असतं. “तुम्ही सही केलीत तरी माझ्या मनातून उतरणार नाही,” असंही म्हणाल्या. बरं बोलल्या. रडू आलं असतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

मी कागद घरी आणला. जेवणाच्या टेबलावर ठेवला. ती जिथे बसायची ती बाजू आम्ही अजून रिकामी ठेवतो, कागद तिथेच ठेवला गेला. कंटाळलो आहे, दादा. कचेरीत नकाशावर रेघ मारताना मध्येच हात थांबतो आणि ही रेघ कुठून कुठे जायची होती ते आठवत नाही. साहेब दोनदा बोलले. सही केली तर हे सगळं संपेल असं वाटलं. खोटं कशाला सांगू, पेन हातात घेतलं होतं.

पण ती ओळ. त्या ओळीखाली माझी सही म्हणजे तिला तुझ्या कापसाने मारलं असं मी लिहून दिल्यासारखं. आणि मग उरलेल्या जन्मात तुझ्याजवळ बसून कापूस नव्हता असं म्हणायचीसुद्धा मला बंदी.

ती ओळ काढा, बाकी सगळं मान्य, असं मी वकीलबाईंकरवी कळवलं. ते नाही म्हणाले. ती ओळ हाच त्यांचा कागद आहे.

दावा दाखल करायला सांगितलं आहे. तू आला नाहीस तर तो टिकणार नाही, हे वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे, आणि मी तुला स्पष्ट सांगतो.

आणखी एक गोष्ट आहे. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. आलास की बोलू.

धाकटा


५ ऑगस्ट

दादा,

पत्रात लिहिण्यासारखी नाही असं म्हटलं होतं. पण तू येत नाहीस आणि आता ती तुला परक्या माणसाच्या तोंडून कळायची वेळ आली आहे. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

हॉस्पिटलच्या वकिलांचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं असं, की झडपेच्या आजाराची मुख्य खूण म्हणजे आडवं झोपलं की धाप लागणं. अशा माणसाला सपाट झोपता येत नाही, उठून बसावं लागतं. आणि या बाईंनी तर दर वेळी सांगितलं की झोप छान लागते. डॉक्टरांच्या टिपणात तसं लिहिलेलं आहे, ‘झोप उत्तम’. मग हृदयाचा संशय येणार कसा? कापसात काम करणारी बाई, खोकला, धाप. कुणीही डॉक्टर हेच म्हणाला असता.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मला जूनमध्येच विचारलं होतं, त्या किती उशा घेऊन झोपायच्या? दार लोटून आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न तोच होता. मी म्हटलं, उशा नाहीत, तिला माझ्या भावाने गादी करून दिली होती. डोक्याकडे उंच, कमरेपर्यंत उतरत आलेली. कशी होती ते त्यांनी हाताने दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मी तुझं कौतुक करत होतो, दादा. सांगत होतो, नुसत्या उशा रचल्या की मान अवघडायची, सकाळी घसरून खाली आलेली असायची. दुकानात ती मान वाकडी करून टाके घालताना माझ्या भावाने पाहिलं आणि तिला न विचारता गादी केली. दोनदा उसवून उतार बदलला. शेवटी तिच्या पाठीला बरोबर बसला.

मग मला कळलं त्या का गप्प आहेत.

तुझी गादी चांगली होती. वाईट असती तर ती रात्र रात्र बसून राहिली असती, आणि मी कितीही मठ्ठ असलो तरी तिला घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो असतो. तिने डॉक्टरांना सांगितलं असतं, झोपच नाही हो. गादीवर तिला झोप लागली आणि ती खूण पुसली गेली.

हे मी तुला लिहिणार नव्हतो. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं. तुझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरवायचं आणि दुसरं चढवायचं, हे मला जमेना. पण आता माझं इकडे आड तिकडे विहीर झालं आहे. सही करावी तर कापूस तुझ्या माथी. लढावं तर भर कोर्टात गादी तुझ्या माथी. त्यांचा वकील तुला उभं करून विचारणार. वकीलबाई म्हणतात, मीही त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं.

म्हणून एकच विचारतो. गादीला उतार आहे, सपाट झोपलं की तिला धाप लागते, हे त्या खोलीत डॉक्टरांना कुणी सांगितलं होतं का? तिने? तू? आठवून लिही. जे झालं तेच लिही. माझ्या सोयीचं लिहू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे. शाळेत मी फोडलेली काच तू स्वतःच्या नावावर घेतली होतीस.

‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिही. मी दावा मागे घेईन. सहीही करणार नाही. मुदत जाऊ देईन. हे सगळं आपल्या दोघांतच राहील आणि आई विचारेल तेव्हा दोघं मिळून दगड होऊ.

धाकटा


२६ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र मिळालं. कचेरीच्या जिन्यात उभ्याने वाचलं, मग तिथेच बसलो. शिपाई विचारून गेला, पाणी आणू का.

तू लिहिलंस ते इथे पुन्हा लिहितो. मी ते एवढ्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

‘तिने झोप छान लागते सांगितलं. मीही सांगितलं, डोक्याकडे उंच गादी केली आहे, सपाट निजली की गुदमरून उठून बसते. डॉक्टर हसले, म्हणाले, वा, मला पण एक करून द्या. मी म्हटलं, तुम्हाला कशाला. ते म्हणाले, मला नाही, माझ्या वडिलांना. त्यांचं हृदय कमजोर आहे, सपाट झोपवत नाही. मी करून दिली. त्यांच्या घरी नेऊन टाकली. बाकी मला काही कळत नाही. मी यायचा नाही. गादी मीच केली.’

ते मी वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग विचारलं, “आपण काय लिहिलंय ते यांना कळलंय का?”

मी म्हटलं, नसेल.

तर दादा, नीट ऐक. त्या माणसाला माहीत होतं. ज्याचं हृदय कमजोर असतं त्याला सपाट झोपवत नाही, हे त्यांना पुस्तकातून नाही, घरातून माहीत होतं. तुझ्या गादीचं वर्णन ऐकल्याबरोबर त्यांना स्वतःचे वडील आठवले. गादी कुणासाठी हे एका क्षणात कळलं. आणि समोर तीच तक्रार घेऊन बसलेल्या बाईच्या छातीवर, हृदयाच्या जागी, नळी टेकवावी असं काही त्यांना सुचलं नाही. कारण ती कापसातून आली होती. ती खोलीत शिरायच्या आधीच त्यांचं ठरलं होतं.

मला राग येतो आहे. इतके दिवस येत नव्हता. नुसतं रिकामं वाटायचं. आता जेवताना येतो, बसमध्ये येतो, नकाशावर पट्टी ठेवली की येतो. त्यांनी मुद्दाम काही केलं नाही हे मला कळतं. वाईट माणूस नसेलही. पण माझ्या बायकोचा आजार त्यांनी ओळखला आणि तो आपल्या वडिलांना लावून मोकळे झाले.

तू यायचा नाहीस असं लिहिलं आहेस. तुझ्या पत्राला कोर्टात किंमत नाही. घरात बसून भावाने भावाला लिहिलेला कागद आहे असं ते म्हणतील. तुला उभं राहून सांगावं लागेल. सांगितल्यावर त्यांचा वकील तुला गादीबद्दल विचारेलच. ते टळणार नाही. खोटं आश्वासन देत नाही. तिथे तुझ्या शेजारी उभं राहायची मला परवानगी नसते, तेही विचारून घेतलं आहे.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलेलं तुला आठवतं का? मला आठवत नाही. तू मागायची वेळच येऊ दिली नाहीस. आता मागतो. ये. मागतो म्हणजे काय, पाया पडतो. मला एकट्याला हे वाहवत नाही. तिचे कपडे अजून कपाटात आहेत, ते काढायला आई सांगते आणि मी उद्या म्हणतो. मला निदान एवढं तरी कुणीतरी अधिकाराने म्हणायला हवंय की ती जायला नको होती. आपल्या दोघांपैकी कुणामुळे ती गेली नाही असं म्हणत नाही. ते कोर्टाला ठरवता येणार नाही. पण ती जायला नको होती.

तारीख नोव्हेंबरमध्ये आहे. नक्की झाली की कळवतो. येताना वेगळं काही आणू नकोस. ये फक्त.

धाकटा


१९ नोव्हेंबर

दादा,

तू पोचला असशील. गाडीत जागा मिळाली का, ते विचारायचंही राहिलं.

आधी इथलं सांगतो. तू निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापक वकीलबाईंकडे आला. या वेळी फळं नव्हती. नवा कागद आहे आणि त्यात कापसाची ओळ नाही. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हटलं. जुलैमध्ये ती ओळ काढली असती तर मी त्या दिवशी सही केली असती आणि हे सगळं मला कधी कळलं नसतं. आता कोर्टाने काय ते म्हणावं. निकालाला किती वेळ लागेल ते त्यांनाही सांगता येत नाही. हरूही, असं त्या म्हणतात. तुझी साक्ष चांगली झाली, असंही म्हणतात.

मला ती चांगली वगैरे कळत नाही. मी मागच्या बाकावर आईशेजारी होतो. तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास आणि तो तुला मोठा होत होता. आई कानात म्हणाली, “वाळलाय मेला.”

त्यांचा वकील तुला ते विचारणार हे मला माहीत होतं, तरी त्याने विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. म्हणजे तुमच्या गादीमुळेच त्यांचा आजार लपून राहिला, असं म्हणायचं का? मला वाटलं, आता हा काच स्वतःच्या नावावर घेणार. न्यायाधीशांनीही मान वर केली.

तू म्हणालास, “माझ्यापासून लपला. मी गादीवाला. माझ्या भावापासून लपला, तो नकाशे काढतो. यांच्यापासून नव्हता लपला. यांना मी स्वतः सांगितला.”

मग वकीलबाईंनी डॉक्टरांना उभं केल्यावर एवढंच विचारलं, की ती गादी अजून घरात आहे का. त्यांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “वडील अजून त्यावरच झोपतात.” मला वाटलं होतं हे ऐकून मला बरं वाटेल. वाटलं नाही. त्या म्हाताऱ्याचा विचार आला. त्याला झोप लागत असेल.

आता तुझ्या प्रश्नाचं.

स्टँडवर आई पाणी आणायला गेली तेव्हा तू मला विचारलंस, “तिला झोप लागायची ना रे त्यावर? खरं सांग.” गाडी लागली, लोक चढायला लागले, तू पिशवी उचललीस. तू खिडकीतूनही माझ्याकडे बघत होतास आणि मी हात वर केला. हात वर करणं हे काही उत्तर नाही, हे मला कळतं. म्हणून लिहितो.

गादी येण्याआधी कितीतरी महिने मी सकाळी जागा व्हायचो तेव्हा ती खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची. चादर गुंडाळून, हनुवटी छातीवर टेकवून. मला जाग आली की लगेच म्हणायची, आताच उठले. ते खरं नसायचं. तू गादी आणून टाकलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जागा झालो तेव्हा खुर्ची रिकामी होती. उन्हं आत आली होती. ती गादीवर होती, पाठीवर, तोंड थोडं उघडं, एक हात खाली लोंबत. अशी मी तिला कधी पाहिलीच नव्हती. मी घाबरलो. तिच्या नाकाशी हात नेला.

डोळे न उघडता ती म्हणाली, “जिवंत आहे हो. झोपू द्या ना.”

मी पडदा ओढला. आईला खुणेने सांगितलं, भांडी वाजवू नकोस. आई दूध तापवायला ठेवून ते जाऊ नये म्हणून पातेल्याशी उभी राहिली, हलली नाही. मी कचेरीत उशिरा गेलो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मला काही सांगता आलं नाही, कारण बायको झोपली होती हे काय कारण झालं?

लागायची, दादा. रोज लागायची. शेवटच्या आठवड्यापर्यंत लागायची.

धाकटा